खालच्या आळीची सूचना

घटस्थापनेला चार दिवस होते. सकाळी सव्वासातला आशाताईंचा, म्हणजे गावातल्या आशा आरोग्यसेविकेचा, फोन आला. "भाऊसाहेब, खालच्या आळीत रात्रीपासून सहा जणांना जुलाब-उलट्या. चार घरं, सगळी एका ओळीत." कागदावर आता आमच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात मात्र ग्रामसेवक म्हणजे भाऊसाहेबच.

'एका ओळीत' हे त्यांनी न विचारता सांगितलं, तिथेच अर्धं काम झालं. भंडाऱ्याचं जेवण बाधलं असतं तर आजारी माणसं गावभर विखुरलेली सापडली असती. ओळीनं सापडली की आधी नळाकडे बघायचं.

गाव निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं. नदीजवळ विहीर, तिथून एक लाख लिटरच्या उंच टाकीत पाणी. टाकीतून सहा ते साडेसात खालची आळी आणि मग वरची. म्हणजे फोन आला तेव्हा खालच्या आळीत पाणी सुटून सव्वा तास झाला होता आणि पिंप, हंडे, माठ बहुतेक भरून झाले होते. हा साधा हिशेब त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही. वॉल्व्ह बंद करायला सांगितला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवलं, गटविकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निरोप दिला आणि पंचायतीसमोरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं:

"सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, नागरिकांनी पाणी उकळून व गाळून प्यावे. आदेशावरून."

हीच ओळ गावाच्या ग्रुपवर टाकली आणि मारुती मंदिराच्या भोंग्यावरून वाचून घेतली. दर पावसाळ्यात आम्ही हीच ओळ लिहितो. दरवर्षी लिहितो म्हणून ती कुणी वाचत नाही, आणि वाचलीच तर तिच्यातून काय करायचं ते कळत नाही. कुठल्या आळीनं? आज सकाळी भरलेल्या पाण्याचं काय? भाजी धुवायची का? किती दिवस?

नऊच्या सुमाराला त्या रिकाम्या जागेत दुसरीच गोष्ट शिरली. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली होती, द्राक्षबागांत फवारणीचे ब्लोअर फिरत होते. कुणीतरी आवाजी संदेश फिरवला: विहिरीत फवारणीचं औषध पडलंय, आख्ख्या गावाचं पाणी बंद. अर्ध्या तासात वरच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन नदीकडच्या जुन्या बारवेवर. त्या बारवेत कित्येक वर्षांत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पडलेली नाही. वरच्या आळीचं पाणी चांगलं असताना माणसं वाईट पाण्याकडे निघाली, आणि त्यांना आम्हीच हाकललं असं म्हटलं तरी चालेल.

तोवर आम्ही टाकीपाशी होतो. जलसुरक्षकानं, म्हणजे पंचायतीच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या माणसानं, तीन ठिकाणचं पाणी तपासलं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन असेल तर रंग दाखवणाऱ्या द्रावणाचे, थेंब टाकायचे आणि लगेच येणारा पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि आकडा फुगतो. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. टाकीखाली आला जेमतेम ०.२, वरच्या आळीत ०.१ आणि खालच्या आळीच्या शेवटच्या नळाला पाणी पांढरंच, म्हणजे क्लोरीन नाहीच. नोंदवहीत मात्र टीसीएल रोज ५०० ग्रॅम टाकल्याची नोंद होती, आणि ती खोटी नव्हती.

पिशवी बघितली. आषाढात उघडलेली, जिन्याखाली ठेवलेली, तोंडाला सुतळी. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. हजार लिटरला ५ ग्रॅम या मापानं एक लाख लिटरला ५०० ग्रॅम टाकली की लिटरमागे दीडेक मिलिग्रॅम मिळतो, त्यातला काही पाण्यातली घाण खाते आणि उरलेला नळापर्यंत पोचतो. हवा आणि ओल लागली की हा टक्का उतरत जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायचीच नसते. फसवणूक अशी की वास तसाच राहतो. नाकाला झोंबते म्हणजे चांगली आहे, हा आमच्याकडचा पक्का समज. शेजारच्या पंचायतीकडून न फोडलेली पिशवी मागवली.

फळा पुसला तो साडेनऊला. सरपंचताईंचं म्हणणं होतं, "जुलाब हा शब्द नका लिहू, लोक घाबरतील." एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण लोकांच्या कानात आता विष हा शब्द पोचला होता, त्यापुढे जुलाब सौम्यच. शेवटी लिहिलं ते असं:

"खालची आळी, मारुती मंदिर ते शेवटचा नळ: आज सकाळी भरलेले नळाचे पाणी पिऊ नका. त्याने भाजी, भांडी धुऊ नका, चूळ भरू नका. कपडे धुवायला व संडासला चालेल. पिण्याचे पाणी शाळेसमोर टँकरवर, ११ वाजता. टँकरचे पाणी मिळेपर्यंत सकाळचेच प्यायचे असेल तर खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा. वरची आळी: पाणी एक दिवस उकळून प्या, नळाचेच प्या, बारवेचे पिऊ नका. विहीर व टाकी दोन्ही आळ्यांची एकच आहे, वरच्या आळीत एकही आजारी नाही. जुलाब-उलट्या झाल्यास आशाताईंकडून ओआरएस घ्या, एक पुडी एक लिटर पाण्यात. पुढची सूचना दुपारी १ वाजता, नवीन काही नसले तरी."

आजाऱ्यांची नावं आणि घरं कुठेही लिहिली नाहीत. गावात ती सगळ्यांना ठाऊक असतात, पण फळ्यावर गेली की त्या घराचं दूध डेअरीवर कुणी घेत नाही.

"अफवांवर विश्वास ठेवू नका" हे वाक्यही मुद्दाम टाळलं. ते वाचणाऱ्याला अफवा काय होती याचीच उत्सुकता लागते. विहीर एक, टाकी एक आणि आजार एकाच आळीत, एवढं सांगितल्यावर औषधाची गोष्ट वरच्या आळीतल्याच लोकांनी मोडून काढली. दहापर्यंत बारवेवरची गर्दी ओसरली.

लिहिण्याइतकाच वेळ पोचवण्यात गेला. ग्रुपवर घरटी एक माणूस असतो, तोही बहुतेक बागेत. भोंगा वाऱ्याच्या उलट दिशेला निम्मा ऐकू येतो. म्हणून आधी आळीचं नाव दोनदा आणि मग मजकूर, असं वाचायला सांगितलं. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की' एवढं संपेपर्यंत मिक्सर सुरू झालेला असतो. शाळेत गुरुजींनी खालच्या आळीच्या मुलांना चिठ्ठ्या दिल्या. सगळ्यात उशिरा आठवले ते छाटणीला आलेले मजूर. सुरगाणा-पेठकडची ही कुटुंबं आळीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. ग्रुपवर नाहीत आणि भोंग्यावरचं पंचायतीचं मराठी त्यांच्यासाठी नसतंच. मुकादमाला गाठून त्यांच्या बोलीत सांगायला लावलं. तिथे आणखी तीन जण आजारी निघाले. फोनवर 'सहा' असलेला आकडा त्यामुळे नऊ झाला.

टँकर अकराऐवजी सव्वाबाराला आला. पाच हजार लिटरला २५ ग्रॅम टीसीएल, किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून. ती टाकल्यावर अर्धा तास थांबायला हवं, म्हणजे वाटप पाऊण वाजता. फळ्यावर मात्र अकराच होते आणि बायका ऊन डोक्यावर घेत उभ्या होत्या. टँकर निघाल्याचा फोन आल्याशिवाय वेळ लिहायची नाही, हे तिथे शिकलो.

दुपारी खरा शोध. नव्या पावडरीची दुप्पट मात्रा घेतली, लाखाला एक किलो. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी लगदा करायचा, मग पाणी घालून ढवळायचं, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्यायचं आणि वरची निवळीच टाकीत ओतायची. खालचा चुना टाकीत गेला तर वॉल्व्हमध्ये बसतो. अर्धा तास थांबून एक वाजता खालच्या आळीला पाणी सोडलं. एकच्या सूचनेत आधीच लिहिलं होतं की हे पाणी पाइप धुण्यासाठी आहे, पिण्यासाठी भरू नका, गोधड्या धुवायला घ्या. घटस्थापनेआधी घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायची असतात, त्यामुळे हा निरोप मात्र सगळ्यात जलद पोचला.

टाकीखाली आता गडद पिवळा. आळीच्या सुरुवातीला तसाच. जलसुरक्षक घरोघर नळी धरत खाली निघाला. आठव्या घरापर्यंत रंग फिकट होत गेला आणि नवव्या घरी गेलाच. शेवटच्या नळाला पुन्हा पांढरं. टाकीत क्लोरीन भरपूर आणि शेवटी शून्य, म्हणजे वाटेत घाण आत शिरते आहे. पावडर हलकी होती हे खरं, पण ती एकटी दोषी नव्हती.

आठव्या आणि नवव्या घराच्या मधे रस्त्याकडेची गटार. फरशी उचलली तर एका घराचं अर्ध्या इंचाचं कनेक्शन थेट गटारीतून गेलेलं, मोठ्या पाइपवरचं सॅडल (कनेक्शन जोडायची पकड) तडकलेलं आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पाणी चालू असताना तिथून चांगलं पाणी गटारीत झिरपतं, ते कुणाला दिसत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि गटारीतलं आत ओढलं जातं. चोवीस तास दाब असलेल्या नळाला ही भोकं एवढी घातक नसतात. दीड तास पाणी देणाऱ्या योजनेत मात्र प्रत्येक गळती रोज एकदा तोंड उघडते.

त्यातून आळीत नळाला थेट लावलेल्या मोटारी. आम्ही मोजल्या तेव्हा अकरा होत्या. मोटार पाणी खेचते तेव्हा चालू पाण्यातही पाइपातला दाब शून्याखाली जाऊ शकतो, आणि गोधड्यांच्या आठवड्यात त्या सगळ्या एकाच वेळी चालू. ती पट्टी महिनोन्महिने तिथे असावी. त्याच आठवड्यात रुग्ण का निघाले, याचं उत्तर मला तरी या मोटारींत दिसतं. वायरमनला सांगून पाण्याच्या दीड तासात आळीची वीज बंद ठेवायचं ठरलं. त्यावर जी बोलणी खावी लागली ती इथे लिहीत नाही.

नवं सॅडल बसवलं, कनेक्शन गटारीच्या वरून, दुसऱ्या जाड पाइपात घालून नेलं. साडेचार वाजले. वॉश-आउट, म्हणजे पाइप धुऊन काढायचा टोकाचा वॉल्व्ह, उघडून शेवटच्या टोकाला पिवळा रंग येईपर्यंत पाणी सोडलं, त्याला पाऊण तास लागला. पहिली पंधरा मिनिटं आलेल्या पाण्याचा रंग बघून सोबतच्या दोन सदस्यांनी मोटारी काढायच्या ठरावाला तिथेच संमती दिली.

संध्याकाळपर्यंत रुग्ण चौदा झाले. दोघांना केंद्रात सलाइन लागलं, बाकीचे ओआरएसवर सावरले. पाचची सूचना एवढीच होती: गळती सापडली, दुरुस्त झाली, उद्या सकाळी नळाला पाणी येईल पण उकळूनच प्या, कधीपर्यंत ते तपासणीचा अहवाल आल्यावर सांगू. सकाळीच एचटूएसच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या, पाणी दूषित असेल तर त्या काळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी शेवटच्या नळाची काळी पडली, टाकीची पडली नाही. त्या दोन बाटल्या पंचायतीच्या खिडकीत ठेवल्या. मोटारीवरून भांडायला आलेल्यांना त्या दाखवणं सोपं गेलं.

प्रयोगशाळेसाठीचे नमुने वेगळे. निर्जंतुक बाटली, नळाचं तोंड जाळून घेतलेलं, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी रवाना. दुरुस्तीनंतरचे लागोपाठ दोन नमुने चांगले येईपर्यंत सूचना मागे घेतली नाही. आणि मागे घेताना ती नुसती पुसली नाही. "खालची आळी: आजपासून नळाचे पाणी न उकळता पिण्यास योग्य" असं तारखेसह लिहिलं, भोंग्यावर दोनदा वाचलं, मुकादमालाही पुन्हा सांगितलं. हे करायचं नेहमी राहून जातं. मग काही घरं महिनाभर गॅस जाळत राहतात आणि बाकीची पुढच्या सूचनेला मान हलवून पाणी भरतात.

आता टीसीएलच्या पिशवीवर उघडल्याची तारीख लिहिलेली असते आणि ती घट्ट झाकणाच्या पिंपात असते. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज तीन आकडे असतात: टाकी, मधला नळ, शेवटचा नळ. काल शेवटच्या नळाला ०.१ आलं. जलसुरक्षकानं विचारलं, "भाऊसाहेब, ०.२ लिहू का?" ०.१ च लिहायला सांगितलं आणि खाली एक ओळ: "खालची आळी: आज रात्री पाइप धुणार. उद्या सकाळी पहिल्या दोन बादल्या पिण्यासाठी भरू नका. पुढची सूचना सकाळी ८ वाजता."