वीस युआनची नोट

परवा दुपारी पासपोर्टचे कव्हर बदलताना आतल्या खणातून वीस युआनची एक तपकिरी नोट निघाली आणि हातातले काम तसेच राहिले. नोटेच्या एका बाजूला माओ आणि दुसऱ्या बाजूला ली नदी व तिच्या काठच्या टेकड्या.

ग्वांगचौला नोकरीला असताना एका शनिवारी आम्ही चौघे मित्रमैत्रिणी वेगवान रेल्वेने ग्वेलिनच्या बाजूला गेलो होतो. आम्ही उतरलो त्या स्टेशनचे नाव यांगश्वो, पण ते आहे शिंगपिंग गावापाशी. नाव एका गावाचे आणि फलाट दुसऱ्याच गावाजवळ, हा प्रकार आपल्याकडच्या माणसाला नवा नाही. नोटेवरचे दृश्य या शिंगपिंगच्या काठावरूनच दिसते, त्यामुळे तिथे येणारा जो तो हात लांब करून नोट डोळ्यांसमोर धरतो आणि फोटो काढतो. आमची पंचाईत अशी की तराफ्यापासून नूडल्सपर्यंत सगळे पैसे मोबाइलवर दिल्यामुळे चौघांत मिळून एक नोट नव्हती. अखेर नागपूरच्या मित्राच्या पाकिटातून अडीअडचणीसाठी घडी घालून ठेवलेले शंभर युआन निघाले आणि ते मोडण्यासाठी आम्ही काठावरच्या एका आजींकडून पपनस घेतले. आजींनी सुरीने सालीला उभे छेद देऊन ती पाकळ्यांसारखी सोडवली, हात पुसले, आणि सुटे पैसे देताना वीसची कोरी नोट सर्वांत वर ठेवली. आम्हाला काय हवे आहे, ते त्यांना पपनसाच्या आधीच कळले होते.

पुढे मात्र मला नोटेपेक्षा चित्रकलेचा तास आठवत राहिला. वाईच्या शाळेत चौथीत मी डोंगर काढले की बाई विचारत, ‘हे डोंगर आहेत की मोदक?’ आणि खिडकीबाहेर बोट दाखवीत. बाहेर पाचगणीचे पठार फूटपट्टीने आखल्यासारखे सपाट दिसे. लाव्हाचे थरावर थर साचून झालेल्या सह्याद्रीत बाईंचे म्हणणे खरेच होते. पण ली नदीकाठचा चुनखडक पावसाच्या पाण्यात युगानुयुगे विरघळत गेला आणि उरले ते सुटे सुटे, उभट, हिरवे मोदक. माझ्या वहीतली रांग तिथे समोर उभी होती. फक्त दोन डोंगरांमधला सूर्य नव्हता, कारण दिवसभर धुके हटले नाही आणि फोटोत नोटेवरच्या टेकड्या खऱ्या टेकड्यांपेक्षा स्पष्ट आल्या.

एकुलती एक नोट बदलून घ्यायला कोण जाणार, म्हणून ती पुन्हा नव्या कव्हरात सरकवली. आपल्या वीस रुपयांच्या नोटेवरही २०१९ पासून वेरूळची लेणी आहेत. तिथे मी शाळेच्या सहलीनंतर गेलेले नाही, आणि ती नोट हातात आली की संध्याकाळपर्यंत भाजीवाल्याकडे जाते.