मॉपचा दांडा: दोनदा चुकलेली खरेदी

मोडके दांडे टाकून द्यायचे नाहीत, स्टोअररूमच्या दाराआड उभे करून ठेवायचे, ही आमच्याकडची जुनी सवय. कधीतरी कामाला येतील म्हणून. ते कधीच कामाला येत नाहीत. एक दिवस दार उघडताना अख्खा भारा अंगावर आला, तेव्हा चिडून मोजले. २१ निघाले. ५ मजल्यांची ऑफिसची इमारत, दोन पाळ्यांत मिळून सफाईची १८ माणसं, आणि वर्षभरात एवढे दांडे मोडलेले. नेमकी त्याच आठवड्यात नव्या मालाची मागणी मला लिहायची होती. तोवर मी मागणीत 'मॉपचे दांडे, नग २४' एवढंच लिहीत आले होते. कशाचे, किती लांबीचे, कुठल्या मॉपला बसणारे, हे माल आला की कळायचं.

ते २१ दांडे मी जमिनीवर ओळीने आडवे टाकले. मधोमध मोडलेले चारच होते. बाकीचे सगळे खालच्या टोकाला गेलेले, जिथे दांडा मॉपच्या खोबणीत शिरतो तिथे, चार बोटांच्या आत. लाकडी होते ते तिथे काळे पडून भुसभुशीत झालेले, नख लावलं तर आत जात होतं. धातूचे होते ते तिथेच चेपून कागदासारखे दुमडलेले. दोन-तीन दांडे तर धडधाकट होते, फक्त त्यांचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते. उत्तर खरं तर पायाशी पडलेलं होतं. पण मी त्यातून एवढंच घेतलं की आता लाकूड नको.

लाकडावर माझा आधीपासून राग. मी स्वतः चार वर्षं मॉप मारलाय. हातात कूस शिरली की पाळी संपेपर्यंत ठणकत राहते, कारण ती काढायला सुई लागते आणि सुई नेमकी कुणाकडे नसते. शिवाय लाकूड पाणी पितं, पाण्याबरोबर घाणही पितं, आणि ती मग धुऊन निघत नाही.

म्हणून पहिल्यांदा मागवले लांब-आखूड होणारे अ‍ॅल्युमिनियमचे दांडे. हिशोब सोपा वाटला: हलके आहेत, ज्याने त्याने आपल्या उंचीला लावून घ्यावेत. पहिला आठवडा सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी दांडा घेऊन माझ्यासमोर आल्या, मॉप जमिनीला टेकवला आणि वरून भार दिला. दांडा सर्रकन आत गेला, त्यांची हनुवटी मुठीवर आदळायची थोडक्यात वाचली.

"मॅडम, हा दांडा आहे का छत्री?"

त्यातली आतली नळी पिळून घट्ट करायची असते. ओल्या हातमोज्यांनी ती पुरती पिळली जात नाही, आणि एकदा का त्यात वाळूचा कण गेला की पकड सुटतेच. पाणीही आत जातं. काल वापरलेला दांडा आज तिरका केला की कालचं गढूळ पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत. त्यात काळे हात. नुसत्या, थर न दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमवरून दिवसभर हात फिरले की तळहात राखाडी-काळे होतात आणि तेच हात मग काचेच्या दाराला लागतात. पुसायला पुन्हा आम्हीच. टॉयलेटमध्ये ब्लीचच्या पाण्यात बुडणाऱ्या दांड्यांवर महिन्याभरात पांढुरके डाग पडले आणि खाली बारीक खड्डे. ब्लीच अ‍ॅल्युमिनियमला खातं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्यांदा फायबरग्लासचे मागवले, वाकणार नाहीत असे, एकाच लांबीचे. यात विजेचाही विचार होता. आमच्याकडे टेबलांखाली जमिनीतच सॉकेट आहेत, एक्स्टेन्शनच्या वायरी पसरलेल्या असतात. ओल्या फरशीवर उभं राहून हातात धातूची नळी धरायला मी कुणाला का सांगावं? फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. इथवर माझं बरोबर होतं.

खोकं उघडलं, पहिला दांडा मॉपला लावला, दोन फेरे फिरला आणि अडकला.

आटे! लांबून सगळे आटे सारखेच दिसतात. जवळ धरले की फरक दिसतो: एकाचे जाड आणि विरळ, दुसऱ्याचे बारीक आणि दाट. अमेरिकी पद्धतीच्या दांड्याला एका इंचात ५ फेरे असतात, युरोपातल्या पद्धतीचे आटे निराळे. आमच्या खोबणी एका जातीच्या आणि दांडे दुसऱ्या. हे मला समजेपर्यंत पाळीतल्या एका दादाने "जरा जोर लावला की बसतंय" म्हणत सहा दांडे बसवूनही टाकले होते. बसले म्हणजे काय, खोबणीतल्या प्लास्टिकचे आटे कापत आत गेले. मॉप मारताना आपले हात आठच्या आकड्यात फिरतात आणि दर वळणाला दांडा थोडासा पिळला जातो. आटे पक्के असतील तर तो पीळ पचतो, नसतील तर मॉप हळूहळू उघडत जातो. दुपारी लॉबीत माणसांची ये-जा चालू असताना त्या दादाच्या हातात नुसता दांडा राहिला आणि मॉप घसरत जाऊन एका साहेबांच्या बुटावर थांबला. माफी मला मागावी लागली. रास्तच होतं.

तेव्हा कुठे मला जमिनीवर मांडलेले ते २१ दांडे आठवले. सतरा दांडे जोडावरच गेले होते, आणि मी मात्र दोन्ही वेळा फक्त नळी कशाची हे बघत बसले.

तेव्हापासून मी आधी मॉप बघते, मग दांडा. सुती दोऱ्यांचा आमचा मॉप कोरडा ४०० ग्रॅम भरतो. बादलीतून काढून न पिळता वजनकाट्याला टांगला तर काटा दोन किलोच्या आसपास गेला. या मॉपला दांडा ३०० ग्रॅमचा की ६०० चा, याने काय फरक पडणार? तिथे वाकायला नको असा कडक दांडा हवा, आणि खाली आट्यांऐवजी जबड्यासारखा चाप, ज्यात मॉपची पट्टी धरून चक्री आवळता येते. फ्लॅट मॉपचं, म्हणजे सपाट पट्टीवर कापड लावलेल्या मॉपचं, गणित उलटं. मायक्रोफायबरचं कापड हलकं असतं, त्यामुळे हाताला भार जाणवतो तो दांड्याचाच. तिथे वरचा हात दांड्याच्या टोकाशी एका जागी राहतो, खालचा हात वळवतो. म्हणून त्या टोकाला तळहातात बसणारा, गोल फिरणारा गोळा असेल तर मनगट वाचतं. खालचा सांधा मोकळा फिरायला हवा, पण खुळखुळायला नको.

माल घ्यायच्या आधी माझी परीक्षा एकच. मॉप बसवायचा, तो पायाने दाबून धरायचा आणि दांड्याचं वरचं टोक हलवायचं. खालून टकटक आवाज आला की नमुना परत. नवीन असतानाच जो डुगडुगतो, तो महिनाभर ओल्यात काढल्यावर काय करेल ते सांगायला नको.

लांबीचं काम भिंतीवर झालं. नियम ढोबळ आहे: मॉपसकट दांडा उभा धरला की त्याचं टोक हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये कुठेतरी यावं. स्टोअररूमच्या आतल्या भिंतीला १८ जणांना कामाचे बूट घालून एकेक करून उभं केलं आणि पेन्सिलीने हनुवटीला एक रेघ, नाकाला एक. बराच हशा झाला, एका मावशींनी "बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कुणी मोजतंय" म्हटलं. पण रेघा बघून मी गप्प झाले. बाजारात सर्रास मिळणाऱ्या लांब्या ५४ आणि ६० इंच, म्हणजे १३७ आणि १५२ सेंटीमीटर. मोठा घेतला की सगळ्यांना चालतो, या समजुतीने आमच्याकडे वर्षानुवर्षं ६० इंची येत होते. आमच्यातल्या निम्म्या बायकांच्या हनुवटीची रेघ १३० च्या खाली होती. मॉप लावल्यावर तो दांडा त्यांच्या डोक्याच्याही वर जायचा. तो चालवायला वरचा हात खांद्याच्या वर न्यावा लागतो, आणि दर वळणाला मागचं टोक भिंतीवर नाहीतर मागून येणाऱ्या माणसाच्या बरगडीत. खांदे दुखतात अशी तक्रार त्या कित्येकदा करत होत्या. मी त्यांना मलम लावायला सांगत होते.

मग बहुतेकींना ५४ इंची आणि उंच दादांना ६० इंची असे दिले. उंच माणसाला आखूड दांडा दिला तर काय होतं तेही बघून घेतलं: दहा मिनिटांत तो कंबरेत वाकला आणि वाकूनच राहिला. दोघींना मात्र ५४ सुद्धा जास्त होत होता. फायबरग्लास कापावा तर त्याचा धुरळा नाकात जातो आणि कापलेल्या टोकाला काचेचे तंतू उघडे पडतात, म्हणून ते केलं नाही. त्यांच्यासाठी पुन्हा लांब-आखूड होणारेच घेतले, पण या वेळी पिळायचे नाहीत, बाहेरून खटका दाबून बसणारे. खटका ओल्या हातानेही बसतो, आणि बसला की नाही ते डोळ्यांना दिसतं. ते दोन्ही फ्लॅट मॉपला लावले, जिथे वरून भार द्यावा लागत नाही.

एवढं झाल्यावर सहा प्रकारचे नमुने आणून खुंट्यांवर टांगले आणि कुणाला काहीच सांगितलं नाही. विचारलं की सगळे "चांगलेत मॅडम" म्हणतात, ते मला पाठ आहे. त्याऐवजी दोन आठवडे पाळीच्या अर्धा तास आधी येऊन रजिस्टर लिहायचं निमित्त करून बसले आणि बघत राहिले की आधी कोणता उचलला जातो. सगळ्यात हलका पहिला जाईल अशी माझी खात्री होती. तो रोज शेवटी राहायचा. रोज आधी पळवला जायचा तो जाड मुठीचा, साधारण ३० मिलिमीटरचा, वर रबर चढवलेला.

ते बघून मला स्वतःचीच लाज वाटली. मावशी लोक जुन्या बारीक दांड्यांना वरच्या बाजूला चिंध्या गुंडाळून सुतळी बांधायच्या. मी त्या सोडायला लावायचे, ओल्या चिंधीला वास येतो म्हणून, आणि एकदा तर लेखी ताकीदही दिली होती. बारीक नळी धरायला मूठ जास्त आवळावी लागते, संध्याकाळी बोटं उघडत नाहीत. किती जाडी हवी, ते त्या चिंध्या गुंडाळून दाखवत होत्या. मी आपली वासावर अडून बसले होते.

रंगांचं थोडक्यात. आमच्या इमारतीत टॉयलेटसाठी लाल, बाकी सगळीकडे निळा. रंग मॉपला असतो, पण दांड्याला नसला तर पाळी बदलताना लाल मॉपचा दांडा निळ्याला लागतोच. चिकटपट्टी लावून बघितली, ती तीन दिवसांत सुटून बादलीत तरंगते. म्हणून रंगीत मुठीचेच दांडे मागवले.

या वेळची मागणी पाऊण पान झाली. लांबी, मुठीची जाडी, मुठीचा रंग, चाप की आटे, आटे असतील तर कुठले, आणि सोबत जुन्या खोबणीचा एक नमुना. खरेदीवाल्यांनी फोन करून विचारलं की एवढं कशाला लागतं, दांडाच तर आहे. मी त्यांना स्टोअररूममध्ये बोलावलं आणि ६० इंची दांड्याने पाच मिनिटं मॉप मारायला दिला. माणूस बुटका होता, लगेच पटलं.

फायबरग्लासही कायमचा नाही. वरचा थर घासला गेला की बारीक तंतू हाताला टोचायला लागतात आणि खाज सुटते. महिन्यातून एकदा मी सगळ्या दांड्यांवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवते. मोजा अडकला की तो दांडा बाद.

दाराआड सध्या तीनच मोडके उभे आहेत. मॉप पिळायच्या रिंगरवर दांड्याने रेटा द्यायचा नाही, अशी पाटी मी ट्रॉलीच्या वरच भिंतीवर लावलीय. तिघांतला एक दांडा मीच मोडला, रिंगरचा अडकलेला दांता मोकळा करायला त्यात पहारीसारखा घालून. पाटीच्या बरोबर खाली उभं राहून.