बॉनेटवरचे पिवळे ठिपके

सकाळी 6 वाजून 50 मिनिटांनी फोन आला तेव्हा मी पाथर्डी फाट्यावर चहा घेत होतो. पलीकडून इव्हेंट एजन्सीचा सुपरवायझर. आवाजावरूनच कळलं की काहीतरी झालंय. "गाडीवर पिवळे पिवळे ठिपके पडलेत. तुमचं पॉलिश सुटतंय की काय?"

पॉलिश असं सुटत नाही, पण ते सांगत बसण्यात अर्थ नव्हता. "कुणी हात लावू नका, फडकं तर अजिबात नाही," एवढं म्हणालो आणि निघालो. त्यावर पलीकडे क्षणभर कुणी काही बोललं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माझं अंबडला डिटेलिंगचं, म्हणजे गाडी बारकाईने धुऊन-पॉलिश करायचं, दुकान आहे. लोक त्याला वॉशिंग सेंटर म्हणतात, मी समजावणं सोडून दिलंय. युरोपातल्या एका मोठ्या कंपनीची नवी ग्रँड टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासासाठीची वेगवान गाडी, मुंबईत दाखवून झाली होती. आता नाशिकच्या निवडक 40 पाहुण्यांसाठी ती दिंडोरी रस्त्याच्या आत, द्राक्षबागेतल्या एका रिसॉर्टवर ठेवायची होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडी बंद कंटेनरमधून आली. 2025 च्या जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळला, पण रिसॉर्टच्या फाट्यापासूनच्या शेवटच्या दीड किलोमीटरला कंटेनरला पाऊण तास लागला. खंड ओलांडायला बनवलेली गाडी मुंबईहून नाशिकला झोपून येते, याची गंमत वाटणारा तिथे मी एकटाच होतो. आदल्या रात्री धुणं, काचा, टायर, आतलं लेदर उरकून साडेअकराला मी तिच्यावर मऊ कव्हर चढवलं आणि घरी आलो.

साडेसातला पोचलो. कव्हर खुर्चीवर ओलं पडलेलं. रात्री झिमझिम पाऊस झाला होता, आणि फोटोग्राफरला सूर्योदयाच्या उजेडात फोटो हवे होते, म्हणून पावणेसहालाच ते काढलेलं. गाडी गडद हिरवी. तिच्यावर छपरापासून दारांपर्यंत मोहरीएवढे, फिकट पिवळे, वाळलेले ठिपके. मी वाकून वास घेतला. माझं आजोळ निफाडचं, हा वास मला झोपेतही कळेल. मँकोझेब. द्राक्षावरचं बुरशीनाशक.

कुंपणापलीकडे 50 फुटांवर एका शेतकऱ्याची बाग. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर अजून थंड झाला नव्हता. सुपरवायझर त्याच्यावर हिंदीत ओरडत होता आणि आबा, साठीच्या पुढचे, पायात गमबूट, शांतपणे मराठीत उत्तर देत होते. "बाग फुलोऱ्यात हाय. रात्री पाऊस झाला. आता औषध नाय मारलं तर डाउनी घुसंल, मग तुमी भरून देणार का? सकाळचं वारं पडलेलं असतं तवाच मारावं लागतं. झाकून ठिवायची ना गाडी."

मला त्यांचं शंभर टक्के पटलं. ज्यांनी नोव्हेंबरात फुलोऱ्यात पाऊस झेललाय त्यांना डाउनी ही बुरशी काय चीज आहे ते विचारा. घड जागच्या जागी वाळतात, वर्षाचा पैसा जातो. फोटोवाल्याला द्राक्षबागेची 'बॅकग्राउंड' हवी होती, पण ती बाग कुणाची तरी रोजीरोटी आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.

मी गाडीकडे वळलो तेव्हा खरं काय झालंय ते दिसलं. छपरावर, दारांवर नुसते ठिपके. बॉनेटवर मात्र ठिपके नव्हते. टॉर्च तिरका धरला आणि पोटात गोळा आला. अर्धवर्तुळाकार ओरखडे, हाताच्या पल्ल्याएवढे, एकावर एक. कुणीतरी कोरड्या फडक्याने दाबून पुसलं होतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा मामला इथेच आहे. मँकोझेब ही पाण्यात कालवायची पावडर. तिच्यात औषधाबरोबर वाहक म्हणून बारीक माती असते. वाळलेला ठिपका म्हणजे मातीचे चिकटलेले कण. त्यावर फेस मारा, चार-पाच मिनिटं भिजू द्या, वाळायच्या आत धुवा, पुन्हा फेस मारा, मग दोन बादल्यांनी मऊ मिटने, म्हणजे धुण्याच्या हातमोज्याने, हात फिरवा, 90 टक्के वेळा काहीही राहत नाही. दोन बादल्या अशासाठी की एकीत साबण आणि दुसरीत मळका मिट बुचकळायचा, तळाशी जाळी, म्हणजे रेती वर येत नाही. हेच कण कोरडे घासले तर ते पॉलिश पेपर होतात. थोडक्यात, औषधाने गाडीचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं होतं फडक्याने.

फडकं कुणी मारलं हे विचारावं लागलं नाही. मांडवाच्या खांबाला टेकून एक पोरगा उभा होता, पेठ तालुक्यातला, 600 रुपये रोजावर खुर्च्या लावायला आलेला. पिवळं फडकं अजून खिशातून लोंबत होतं. "साहेबांनी सांगितलं पटकन पुसून घे," तो हळूच म्हणाला. "माझं नाव नका सांगू, सर."

11 वाजता कार्यक्रम. हातात साडेतीन तास.

आधी सगळी गाडी धुतली. मी 60 लिटर आरओचं पाणी सोबत नेतो, रिसॉर्टचं बोअरचं पाणी या रंगावर वाळलं तर पांढरे डाग पडतात. मग रंगाची जाडी. बॉनेट ॲल्युमिनियमचं, जाडी मोजायचा साधा चुंबकी गेज तिथे मुका असतो. माझ्याकडे दोन्ही धातूंवर चालणारा आहे, दोन वर्षांपूर्वी पोटाला चिमटा काढून घेतलेला, आणि त्या सकाळी तो पहिल्यांदा वसूल झाला. आकडे 119, 124, 121 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. वरचा पारदर्शक थर त्यातला अंदाजे 40. पॉलिशने दोन-तीन मायक्रॉन जातात, म्हणजे वाव होता. पण कडांवर आणि बॅजजवळच्या उंचवट्यावर थर पातळ असतो, तिथे मशीन टेकवणं म्हणजे जुगार.

ऊन चढू लागलं होतं. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळतं, म्हणून मांडववाल्याकडून कापड मागून गाडीवर सावली केली. जनरेटरचा दाब खाली-वर होत होता, मशीनचा आवाज मध्येच बसायचा. सुपरवायझर दर दहा मिनिटांनी "हो गया?" विचारायला यायचा. लाइटवाला मात्र खरा कारागीर निघाला. नाशिकरोडचा. त्याने न सांगता एक स्टँड तिरका करून ओरखडे दिसतील असा उजेड धरला आणि अर्धा तास हलला नाही.

आधी हातभर चौकोनात चाचणी. मऊ पॅडने जाईनात. मधल्या कडकपणाचा पॅड, मंद वेग, आडवे दोन, उभे दोन फेरे. पुसून, अल्कोहोलने तेल काढून पुन्हा टॉर्च. गेले. मग दोन-दोन फुटांचे तुकडे करत सगळं बॉनेट. एक ओरखडा मात्र बॅजपासून चार बोटांवर उरला. त्यावर नख फिरवलं तर अडकत होतं. नख अडकलं की तो पॉलिशने जात नाही, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना गेज. मी तो सोडला. लाइटवाल्याने डावा दिवा एक वीत सरकवला आणि ओरखडा नाहीसा झाला. निदान लोकांसाठी.

पाहुणे साडेबाराला आले. कंपनीच्या मॅडमनी ग्रँड टूरर म्हणजे काय ते छान सांगितलं. शर्यतीची गाडी नव्हे, आणि ड्रायव्हर ठेवून मागे बसायची गाडीही नव्हे. दोघांनी सामान टाकून दिवसभर वेगात जायचं आणि संध्याकाळी अंग न दुखता उतरायचं, त्यासाठी ही. मुळात इटालियन शब्द, ग्रान तुरिस्मो. लान्चियाने 1951 मध्ये ऑरेलियाच्या बी 20 ला जीटी ही अक्षरं लावली, पुढच्याच वर्षी बेंटलीची आर-टाइप कॉन्टिनेन्टल आली. मीही हे सगळं वाचून असतो. बेंटलीने 2003 मध्ये आणलेल्या कॉन्टिनेन्टल जीटीत 12 सिलिंडरचं इंजिन होतं, ते 2024 मध्ये बंद झालं, आणि आता त्याच नावाच्या गाडीत 8 सिलिंडर आणि वीज मिळून 782 पीएसपर्यंत ताकद. बॅटरी मागे ठेवल्यामुळे पुढच्या चाकांवरचा वजनाचा वाटा थोडा कमी झाला आणि तोल सुधारला, हे मला त्या आकड्यापेक्षा जास्त आवडतं. पण पाहुण्यांचा पहिला प्रश्न होता, "आपल्या स्पीडब्रेकरवर खाली घासेल का?" प्रश्न चुकीचा नव्हता. मॅडमनी बटण दाबून नाक वर उचलून दाखवलं. त्या दिवशी टाळ्या एवढ्या एकाच गोष्टीला पडल्या.

एक म्हातारे गृहस्थ, एके काळी सातपूरला मशीनशॉप चालवणारे, बॉनेटच्या रेषेत डोळा आणून उभे राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज सकाळीच बफ मारलाय ना?" मी मान डोलावली. "बरा मारलाय," म्हणाले आणि जेवायला गेले.

इथपर्यंत मी खूश होतो.

संध्याकाळी एजन्सीने रिपोर्ट मागितला. काय नुकसान, कशामुळे, किती दुरुस्त झालं, 20 फोटोंसह. मी घरी बसून लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यापाशी अडकलो. 'कोरड्या कापडाने पुसल्यामुळे' लिहिलं तर सुपरवायझर हात वर करणार आणि त्या पोराला उद्यापासून कुणी बोलावणार नाही. म्हणून मी लिहिलं: 'कीटकनाशक फवारणीचे कण व त्यानंतर उद्भवलेले ओरखडे.' खोटं काहीच नव्हतं. बुरशीनाशकाला कीटकनाशक म्हटलं तेवढं सोडा, ते माझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर रागावले असते. 'त्यानंतर' शब्दावर मी जरा थांबलोही होतो. म्हटलं, पोरगा वाचला, बास.

आठ दिवसांनी मेल आला. बॉनेट पुन्हा रंगवावं लागणार, तो एक ओरखडा कंपनीच्या माणसाला मुंबईत दिसला. रिपोर्टवरून नुकसान फवारणीमुळे झाल्याचं स्पष्ट आहे, सबब संबंधित शेतकऱ्याला वकिलामार्फत नोटीस द्यायची आहे, शिक्का मारून मूळ प्रत पाठवा. आणि खाली, अगदी सहज: 'फोटो नंबर 14 क्रॉप करून पाठवा.'

मी फोटो नंबर 14 उघडला. बॉनेट, टॉर्चचा उजेड, अर्धवर्तुळं. उजव्या कोपऱ्यात खांबाला टेकलेला पोरगा आणि त्याच्या खिशातलं पिवळं फडकं. त्याच्यामागे, फोनवर बोलणारा सुपरवायझर.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मला वाटत होतं मी एका शब्दात कुणालातरी वाचवतोय. वाचवलं मी सुपरवायझरला.

त्या पोराच्या पैशांचं मी ठेकेदाराला विचारलं, पूर्ण रोज मिळाला म्हणाला. खरं-खोटं माहीत नाही. एजन्सीकडून माझ्या 18,500 रुपयांच्या बिलाचे पैसे अजून यायचेत, हेही लिहून टाकतो, नाहीतर मी फारच धुतल्या तांदळासारखा वाटेन. रिपोर्टची दुरुस्त प्रत टाइप करून ठेवली आहे. 'त्यानंतर'च्या जागी 'ते कोरड्या कापडाने पुसल्यामुळे' असं. पाठवली नाही अजून.

काल आबांचा फोन आला. त्या सकाळी जाताना मी त्यांना दुकानाचं कार्ड दिलं होतं. नोटिशीचं त्यांना काही कळलेलं नाही. बाग फुलोऱ्यातून सुखरूप निघाली, मणी चांगले सेट झालेत म्हणाले. मग विचारलं, "तुमची ती गाडी गेली का साफ होऊन? माझ्या मनाला लागून राहिलं होतं."