२ कोटी ३० लाख सेल बनले, उरले ५८ लाख

सेंट्रिफ्युगल पंपाचं केसिंग, रुंदी साधारण अर्धा मीटर. आतला प्रवाह संगणकावर मोजायचा तर ती जागा आधी लहान लहान तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, वाटावी लागते; सेलचं हे जाळं म्हणजे मेश. ओपनफोम या प्रवाह-गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मेश बनवणाऱ्या स्नॅपीहेक्समेशला (पुढे नुसतं स्नॅपी) प्रोसेसरच्या १६ कोअरवर ४ तास ५० मिनिटं लागत होती. व्होल्यूटचे, म्हणजे केसिंगमधल्या गोगलगायीसारख्या वळणदार पोकळीचे, पाच पर्याय तपासायचे होते, म्हणजे नुसत्या मेशिंगलाच पूर्ण दिवस. ३२ कोअर दिले तरी जेमतेम पाऊण तास वाचला. तेव्हा सेटिंग बाजूला ठेवून आधी लॉग (प्रोग्रॅमने छापलेली नोंद) वाचायला घेतला.

स्नॅपी प्रत्येक टप्प्याच्या शेवटी लागलेला वेळ छापतं. रिफाइनमेंट (पृष्ठभागाजवळ सेल बारीक करणं) ८,९०० सेकंद, स्नॅपिंग (सेल पृष्ठभागाला नेमके टेकवणं) २,०००, लेयर (भिंतीलगत पातळ सेलचे थर घालणं) ६,५००. हातात आलेली मेश ५८ लाख सेलची, पण रिफाइनमेंटच्या मध्यावर आकडा २ कोटी ३० लाखांवर गेलेला.

एसटीएल, म्हणजे पंपाच्या आकाराची फाइल, पॅराव्ह्यू या बघण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि उलगडा झाला. फाइलमध्ये अख्खं कास्टिंग होतं: बाहेरच्या रिब, बोल्टच्या भोकांतले आटे, अंगावरची उठावाची अक्षरंसुद्धा. पाणी वाहतं आतून; पण स्नॅपी आधी सगळ्याच पृष्ठभागांभोवती सेल बारीक करतं आणि लोकेशन-इन-मेशच्या (मेश कुठे हवी ते सांगणाऱ्या) बिंदूपासून जिथे पोचता येत नाही ते सेल मग काढून टाकतं. सगळ्या एसटीएलला लेव्हल ४ ते ६ दिलेली; लेव्हल म्हणजे सेल किती वेळा निम्मा करायचा तो आकडा. मूळ सेल ८ मिमी, म्हणजे लेव्हल ४ ला ०.५ मिमी आणि ६ ला ०.१२५ मिमी. एक लेव्हल वाढली की पृष्ठभागावरचे सेल चौपट होतात. पृष्ठभाग ३० अंशांहून जास्त वळला की वरची लेव्हल लागते; आट्यांचे कोन त्याच्या वर, म्हणून तिथे सगळीकडे लेव्हल ६. त्यातला एकही सेल शेवटच्या मेशमध्ये नव्हता.

मॅक्स-ग्लोबल-सेल्सची, म्हणजे एकूण सेलची, मर्यादा हे सेल काढण्याआधीच्या संख्येला लागते. मेश अर्धवट थांबते, आपण मर्यादा वाढवतो आणि खरं दुखणं तसंच राहतं. आधीच्या रनमध्ये नेमकं हेच झालं होतं.

कॅडमध्ये फक्त आतला ओला पृष्ठभाग घेतला, दोन्ही फ्लँजना (पाइप जोडण्याच्या तोंडांना) झाकणं लावली, पृष्ठभागात फट नाही ना हे तपासणारं सर्फेसचेक चालवलं. ते टाळू नये: झाकणाच्या कडेला सेलपेक्षा मोठी फट राहिली तर मेश थेट बाहेर गळते. रिफाइनमेंट ६२० सेकंदांवर आली.

लेयरचं कारण वेगळंच होतं. प्रत्येक फेरीत लॉग सांगत होता की काही फेसवरचं (सेलच्या बाजूंवरचं) एक्स्ट्रूजन, म्हणजे उभारलेले लेयर, काढलं. स्नॅपी लेयर घालतं, गुणवत्ता तपासतं, बिघडलेल्या जागचे लेयर काढतं आणि पुन्हा सुरुवात करतं, जास्तीत जास्त ५० फेऱ्या. बिघडणारे फेस जवळपास सगळे व्होल्यूटच्या टंगवर, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेजवळच्या निमुळत्या कडेवर. तिथली त्रिज्या १ मिमी आणि सेल ०.५ मिमीचा, अशा वळणावर लेयर बसणार कसे? टंगला एसटीएलमध्ये वेगळं नाव देऊन तेवढ्याच भागाला लेव्हल ५ दिली. लेयरची जाडी सेलच्या मापावर ठरवलेली असल्याने लेयरही निम्मे पातळ झाले आणि बसले. सेल वाढले, तरी वेळ ८४० सेकंदांवर आला. मला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच वाटतो, कारण सेल वाढवून वेळ वाचेल हे सहसा सुचत नाही.

स्नॅपिंगला हात लावला नाही. ते जवळपास तिथेच, १,९०० सेकंदांवर राहिलं. एकूण ५६ मिनिटं, १६ कोअरवरच. कोअरगणिक वाटलेली मेश रीकन्स्ट्रक्ट न करता (पुन्हा एकत्र न जोडता) प्रवाहाचं गणित करणारा सॉल्व्हर त्याच १६ तुकड्यांवर सुरू केला. चेकमेश या मेशच्या तपासणीत नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेलचा तिरपेपणा) ६५ अंशांच्या आत.