ताटावरून उठल्यानंतरचे आठवडे

वजन कमी करण्यासाठी मी करून घेतलेल्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात, हे मला आधीपासून ठाऊक होते. तरीही घरातले सगळे गरम भाकरी खात असताना वरणाचे निवळ पाणी घोटाघोटाने पिताना, आपण हे का करून घेतले, या विचाराने मला रडू कोसळत असे. भूक फारशी लागत नसे, कारण भुकेची जाणीव देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या काढलेल्या भागातच तयार होते. पण खाण्याची ओढ केवळ भुकेवर थोडीच अवलंबून असते! सणवार, पाहुणचार, आईचा आग्रह हे सगळेच ताटाभोवती फिरते, आणि त्या ताटावरून आपल्याला उठवले आहे, असे वाटत राहते.

रोज किमान 60 ग्रॅम प्रथिने आणि दीड लिटर पाणी, तेही जेवताना न पिता, या हिशेबातच दिवस संपे. मऊ खिचडी आणि पनीर सुरू झाले, तसा अशक्तपणा ओसरला आणि मनही सावरू लागले. पुढे केस गळू लागले, तेव्हा मात्र मी पुन्हा घाबरले. वजन झपाट्याने घटल्यावर असे होते आणि केस बहुधा परत येतात, हे मला कोणी आधी सांगायला हवे होते.