लिगामेंट पूर्ण फाटले, तरी शस्त्रक्रिया नाही
गेल्या श्रावणात सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरताना ओल्या दगडावर माझा उजवा पाय आतल्या बाजूला मुरगळला आणि घोट्यातून 'कट्' असा आवाज आला. घरी पोहोचेपर्यंत घोटा टम्म सुजला होता. आईने मायेने आंबेहळदीचा गरम लेप तयार ठेवला होता आणि शेजारच्या काकूंनी पाय चोळून देणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ताही दिला. परंतु पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणे यांमुळे सूज वाढते, म्हणून त्या दोघींना नाही म्हणावे लागले.

अस्थिरोगतज्ज्ञांनी घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या आणि चार पावले चालायला सांगितले. ती मला टाकता आली नाहीत, म्हणून एक्स-रे काढला. (ही पद्धत कॅनडातील ओटावा येथे 1992 साली मांडलेल्या नियमांतून आलेली आहे.) हाड शाबूत होते. मात्र सूज असताना लिगामेंटचा, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्याचा, नीट अंदाज येत नाही, म्हणून त्यांनी पाचव्या दिवशी पुन्हा बोलावले. तेव्हा एका हाताने नडगी धरून दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढली असता पाऊल सैलपणे पुढे सरकलेले मलाही जाणवले. पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाला घोट्याच्या हाडाशी बांधणारे पुढचे लिगामेंट पूर्ण फाटले होते.

'पूर्ण' हा शब्द ऐकून शस्त्रक्रिया अटळ आहे असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात अशा दुखापतीतही बहुतेकांना आधी काही दिवस विश्रांती, मग ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) आणि व्यायाम हेच उपचार दिले जातात, आणि ते बहुधा पुरतात. अनेक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवल्यास सांधा आखडतो व पोटरी बारीक होते. कित्येक महिने फिजिओथेरपी करूनही पाय वारंवार दगा देत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यात बहुधा स्वीडनच्या ब्रॉस्ट्रॉम यांनी 1966 साली मांडलेल्या पद्धतीने आपलेच लिगामेंट पुन्हा हाडाशी घट्ट शिवतात. घोट्याच्या वर, दोन हाडांना जोडणारे लिगामेंट फाटले असेल किंवा कूर्चेला (सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत थराला) इजा असेल, तर मात्र निर्णय वेगळा होऊ शकतो.

माझ्या मते खरा उपचार व्यायामातच आहे, आणि तो सर्वांत जास्त टाळलाही जातो. सुरुवातीला पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची, मग रबरी पट्ट्याच्या ताणाविरुद्ध पाऊल बाहेर वळवायचे. सहाव्या आठवड्यात दुखणे थांबले, तेव्हा हे सारे सोडून द्यावेसे वाटले. परंतु लिगामेंटबरोबर पावलाची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या संवेदनाही दुखावतात आणि त्या दुखणे थांबले म्हणून परत येत नाहीत, हे फिजिओथेरपिस्टने एका साध्या कसोटीने दाखवून दिले. डाव्या पायावर डोळे मिटून मी तीस सेकंद उभा राहिलो. उजव्यावर चौथ्या सेकंदाला भिंत धरावी लागली. रोज स्वयंपाकघरातील ओट्याशी उभे राहून ते तीस सेकंद गाठायला मला आणखी दोन महिने लागले.