घरच्यांसाठी पहिल्या प्रतीचा घड

विश्रामबाग, सांगली
फेब्रुवारी, रविवार, रात्री

द्राक्षबागायतदाराच्या घरात चांगला घड कुणी खात नाही, हे मला लग्न होऊन तासगावकडच्या घरात आल्यावर कळलं. चांगला घड पेटीत जातो. घरात येतात ते सुटे मणी. काही घडातून गळलेले असतात, काहींना कात्री लागलेली असते, काही उन्हानं एका अंगाला तांबूस पडलेले असतात. चवीला ते गोडच असतात. अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, हंगामभर तेच मणी ओच्यात घेऊन उभ्याउभ्या खातात. आमच्यासाठी सांगलीला पाठवायच्या पिशवीत मात्र त्या निवडून घड घालतात. मला हे फार दिवस खुपत होतं.

म्हणून या वेळी भाऊजींना आधीच फोन करून सांगितलं, एक पेटी वेगळी ठेवा, व्यापाऱ्याच्या मालातली, त्याला जो दर लावाल तोच मला लावा. ते म्हणाले, "घरच्या मालाला कसला दर? कुणाला द्यायचीय?" मी म्हटलं, तुम्हालाच.

आज सगळे आले होते. आत्या, भाऊजी, अक्का, त्यांची दोन्ही मुलं, नणंदबाई मिरजेहून त्यांच्या तीन वर्षांच्या नातवाला घेऊन, आणि शेजारच्या काकू. जेवणाचा घाट मी मुद्दाम घातला नाही. जेवण म्हटलं की अक्का पदर खोचून ओट्यापाशी येतात आणि मग त्यांना बसवणं कुणाच्या बापाला जमत नाही. नुसती फळं आणि त्यांच्याबरोबर बुडवून खायला मलईदार चक्का, एवढंच ठेवलं. त्यात त्यांना करण्यासारखं काही उरतच नाही.

चक्क्याची तयारी कालच झाली होती. म्हशीच्या दुधाचं दही सुती फडक्यात बांधून रात्रभर टांगलं. सकाळी घट्ट गोळा झाला होता. तो पुरणाच्या चाळणीतून काढला. श्रीखंडाला काढतो तसाच, कारण एक जरी गुठळी राहिली तरी ती फळावर दिसते. पाव किलो चक्क्याला अर्धी वाटी गार साय, हातानं फेटून. विकतचं फ्रेश क्रीम घेतलं तरी चालतं, पण त्यात स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ते कितीही फेटलं तरी घट्ट उभं राहत नाही. चक्क्याचा आधार लागतोच. गोडीला महाबळेश्वरचा मध दोन चमचे. साखर नाही, कारण फळांनी आपली गोडी स्वतः सांगायला हवी, वर आणखी साखर पडली की द्राक्ष आंबट लागायला लागतं. वेलची, लिंबाची किसलेली साल (फक्त हिरवा-पिवळा भाग, खालचं पांढरं कडू असतं) आणि मिठाचे चार कण. मीठ विसरायचं नाही. त्याशिवाय ते सगळं नुसतं दुधाळ लागतं.

आणि घट्टपणा. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा नैसर्गिक थर असतो, पातळ मिश्रण त्यावरून घसरून जातं आणि खाणाऱ्याच्या हाताला लागतं. स्ट्रॉबेरीची गोष्ट वेगळी, तिच्या खडबडीत अंगाला काहीही चिकटतं. म्हणून मी मिश्रण द्राक्षाच्या हिशोबानं करते. वाटी कलती केली तरी ते जागचं हलता कामा नये.

चक्क्याचं खाली जमलेलं पाणी ओतलं नाही, रात्रीच्या भाकरीच्या पिठात गेलं.

फळांत काय घ्यायचं यावर माझी मतं ठाम आहेत. जे आपल्या भागात आत्ता पिकतंय ते. फेब्रुवारीत सांगलीकराला आणखी काय हवं? द्राक्षं तासगावची, डाळिंब आटपाडीचं, भगवा जातीचं, आणि स्ट्रॉबेरी घाटावरून वाई-पाचगणीकडची. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये. दोन्हीकडची फळं आज एकाच परातीत होती याचा मला खरंच आनंद झाला. सफरचंद मी आणलं नाही. ते वर्षभर कुठूनतरी येतच असतं. अननसही नाही. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते दुधा-दह्याला लागलं की थोड्या वेळात कडवटपणा येतो. कलिंगडाला पाणी सुटतं आणि शेजारची सगळी फळं भिजतात, ते वेगळ्याच भांड्यात बरं.

स्ट्रॉबेरी घेताना मी देठाजवळ बघते. तिथं पांढरट असेल तर ती लवकर तोडलेली, आणि तोडल्यावर ती आणखी पिकत नाही. रंग चढेल थोडाफार, पण गोडी चढत नाही. द्राक्षाचंही तेच. चिकू, पपई, केळं घरात पिकतं. द्राक्ष वेलीवर पिकलं तेवढंच. म्हणून बागेत तोडणीच्या आधी मणी फोडून रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, बघतात, अठराच्या पुढं गेल्याशिवाय भाऊजी कात्री लावू देत नाहीत.

स्ट्रॉबेरी देठासकट धुतली. देठ काढून धुतली की आत पाणी शिरतं आणि चव पातळ होते. शिवाय देठ हाच तिचा धरायचा दांडा, तो कशाला काढायचा? द्राक्षाचे मणी सुटे केले नाहीत. वाहत्या पाण्याखाली घड धुऊन, फडक्यावर निथळून, कात्रीनं चार-पाच मण्यांचे झुबके केले. प्रत्येकाला दांडी धरून उचलता येतो. आणि माझ्या मनातलं खरं कारण दुसरंच होतं. सुटे मणी आज परातीत नकोच होते.

डाळिंबाचे दाणे न काढता पापुद्र्याच्या रेषेवरून फोडून त्याच्या पाकळ्या ठेवल्या. चिकूच्या फोडी, पपईच्या मऊ फोडी आत्यांसाठी, त्यांची कवळी आहे. केळं अगदी शेवटी, लिंबू चोळून. नणंदबाईंच्या नातवासाठी द्राक्षं उभी चार तुकड्यांत चिरून वेगळ्या वाटीत ठेवली. एवढ्या लहान मुलाच्या हातात अख्खा मणी देऊ नये, घशात अडकतो. मोठ्या परातीत केळीचं पान, मध्ये काचेच्या वाटीत चक्का, कडेनं फळं. पेरूच्या फोडींना तिखट-मीठ बाजूला. आमच्याकडं पेरू चक्क्यात बुडवा म्हटलं असतं तर भाऊजी उठूनच गेले असते.

आत्यांनी अपेक्षेप्रमाणं विचारलं, "दूध-दही आणि फळ एकत्र चालतं का गं?" मी म्हटलं, आत्या, तुमच्या हातचं शिकरण खाऊनच हे मोठे झाले की. त्या हसल्या आणि पपईची फोड वाटीत बुडवली.

अक्कांना मी सोफ्यावर बसवलं होतं आणि परात त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवली होती. सोनाका जातीच्या लांब पिवळसर मण्यांचा झुबका त्यांनी उचलला, उजेडाकडं धरला, फिरवून बघितला. आपल्याच बागेतला. मग म्हणाल्या, "चांगला माल मोडलास की गं. ह्याचं वजन भरलं असतं."

मी म्हटलं, "खावा की अक्का. भरू दे ना भरायचं तिकडं."

त्यांनी एक मणी तोडला, नुसताच खाल्ला. दुसरा चक्क्यात बुडवून. तिसरा पुन्हा नुसताच. मग त्या बोलायला लागल्या आणि कितीतरी वेळ बोलत राहिल्या. हा घड दिसायला लागतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, पण काडीत तो धरलेला असतो एप्रिलच्या छाटणीपासूनच, हे मला नुसतं ऐकून माहीत होतं. आज त्यांनी बोटानं दाखवत सांगितलं, डोळा कुठं असतो, विरळणीत, म्हणजे घड मोकळा करताना, कोणते मणी काढायचे, गड्यांबरोबर त्या स्वतः कात्री घेऊन मांडवाखाली वर मान करून किती वेळ उभ्या असतात. परवा ढगाळ होतं तेव्हा सगळं घर रात्रभर जागं होतं. पाऊस पडला असता तर मणी तडकले असते आणि मग तो माल ना पेटीचा ना बेदाण्याचा. मुलं हे ऐकत होती. थोरला म्हणाला, "आई, हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस." अक्का म्हणाल्या, "बसलीय कधी मी?"

मला याचं फार वाटलं. एवढं सगळं त्यांच्याकडं होतं आणि ते ऐकायला त्यांना आधी बसवायला हवं होतं.

भाऊजींनी पेरूच खाल्ला. पण जाताना वाटीत उरलेला चक्का बोटानं पुसून घेतला, तेही बघितलं मी.

पेटीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. उद्या त्यांच्या मुलाच्या खात्यावर टाकते.

अक्कांनी निघताना चपला घालता घालता विचारलं, चक्का किती माणसांना किती लागतो. शेवटची तोडणी झाली की बागेवरच्या बायकांना त्या दरवर्षी जेवण घालतात. या वेळी जेवणाआधी असं काहीतरी द्यावं म्हणतात, मांडवाखालीच, सगळ्यांना बसवून. वीस-बावीस बायका असतील. दोन किलो चक्का मी इथून फडक्यात बांधून न्यायचा, साय त्यांच्याकडं घरचीच आहे. तोपर्यंत मार्च संपत आला असेल, स्ट्रॉबेरी उन्हानं मऊ पडायला लागते, तिचा भरवसा नको. कलिंगड आणि चिकू तिकडंच मिळतील. द्राक्षांचं अक्कांनी स्वतःच सांगितलं, "एक पेटी आधी काढून ठेवते, निवडून." चक्क्यासाठी मोठं फडकं शिवून घ्यायला हवं, माझं एक किलोपुरतंच आहे.